दोष कुठे, दोष कोणाचा

स्विचवरचे सगळे दिवे एकाच वेळी, एकाच वेगात, न थांबता लुकलुकायला लागले की समजायचं, लूप झाला. एरवी हे दिवे पारावर बसलेल्या माणसांसारखे असतात. एक बोलतो, दुसरा हुंकार भरतो, मध्ये थोडा वेळ सगळेच गप्प. लूप झाला की चोवीसच्या चोवीस एकदम ओरडायला लागतात आणि कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही.

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी असे दिवे पाहिले, त्याला आता चार वर्षं होतील. बिघाड शोधायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. पण त्यानंतरच्या अर्ध्या तासात मी जे बोललो आणि जे बोललो नाही, त्याचा हिशोब अजून लागलेला नाही. तो लावून बघायचा म्हणून हे लिहितोय.

मी नांदेडला एका छोट्या फर्ममध्ये नोकरी करतो. वजिराबादेत एका बोळात आमचं दुकान आहे. शाळा, कॉलेज, दवाखाने, पतसंस्था, कोचिंग क्लास यांच्याकडे स्विच बसवायचे, अ‍ॅक्सेस पॉइंट लावायचे, फायबर जोडायची आणि बंद पडलं की जाऊन शोधायचं, हे आमचं काम. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर हा रस्ता मी बॅगेत क्रिम्पिंग टूल आणि डब्यात दशम्या घेऊन इतक्या वेळा केलाय की कोणत्या वळणावर मोबाइलची रेंज जाते, ते मला डोळे मिटून सांगता येईल.

या धंद्यात दिवसातून वीस वेळा एक शब्द कानावर पडतो : फॉल्ट. आम्ही विचारतो, 'फॉल्ट कुठंय?' गिऱ्हाईक विचारतं, 'फॉल्ट कोणाचाय?' दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात. मराठीत तर 'दोष' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. डोळ्यांत दोष असतो, पत्रिकेत दोष असतो, मशीनमध्ये दोष असतो आणि माणसालाही दोष देतात. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर मीटरवर मिळतं. दुसऱ्याचं कुठे मिळतं, हे मला कुठल्याच कोर्समध्ये शिकवलं नाही.

* * *

आधी लूप म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

नेटवर्कमधल्या एखाद्या कॉम्प्युटरला दुसऱ्याचा पत्ता माहीत नसला की तो सगळ्यांना विचारतो, 'अमुक कोण आहे?' असा प्रश्न स्विचकडे आला की स्विच तो आलेलं पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांतून बाहेर पाठवतो. आता समजा, एकाच केबलची दोन्ही टोकं चुकून त्याच स्विचमध्ये खोचली गेली. एका टोकातून बाहेर गेलेला प्रश्न दुसऱ्या टोकातून परत आत येतो. स्विचला वाटतं, नवा प्रश्न आला. तो पुन्हा सगळ्यांना पाठवतो. तो पुन्हा परत येतो. इंटरनेटच्या पॅकेटला एक आयुष्य ठरवून दिलेलं असतं. प्रत्येक टप्प्यावर ते एकाने कमी होतं आणि शून्य झालं की पॅकेट मरतं. पण स्विचच्या पातळीवर जी फ्रेम फिरते, तिला वयच नसतं. ती फिरतच राहते. क्षणात एकाच्या हजार, हजाराच्या लाख होतात. गावात अफवा पसरते तसंच. फरक इतकाच की अफवा निदान रात्री झोपते.

याच्यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. १९८५ साली रेडिया पर्लमन या अमेरिकन अभियंत्या बाईंनी स्पॅनिंग ट्री नावाची पद्धत शोधली. स्विच आपसांत बोलून एकाला मूळ ठरवतात आणि जिथे जास्तीचा रस्ता दिसेल, तिथलं पोर्ट स्वतःहून बंद ठेवतात. जाळ्याचं झाड होतं. झाडात फांदीवरून फिरून त्याच फांदीवर येता येत नाही, म्हणून लूप होत नाही.

पण या सावधपणाला वेळ लागतो. जुन्या पद्धतीत पोर्टमध्ये केबल लावली की स्विच पंधरा सेकंद नुसतं ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो आणि मग रस्ता मोकळा करतो. त्या तीस सेकंदांत कॉम्प्युटर चालू होऊन 'मला पत्ता द्या' असं विचारून मोकळा झालेला असतो. उत्तर आलं नाही की तो १६९.२५४ ने सुरू होणारा एक बिनकामाचा पत्ता स्वतःच स्वतःला देऊन टाकतो. मग लॅबमधले सर फोन करतात, 'नेट येईना.'

त्या कॉलेजमधून असाच फोन आला होता. मी गेलो. संध्याकाळचे साडेसहा झाले होते, नांदेडची गाडी सातची होती. बरोबर उपाय मला ऐकून माहीत होता : ज्या पोर्टांवर फक्त कॉम्प्युटर आहेत, तेवढ्यांना 'थांबू नको' म्हणून सांगायचं आणि तिथे चुकून दुसरं काही जोडलं गेलं तर ते पोर्ट बंद पडेल, अशी राखण लावायची. त्यासाठी प्रत्येक पोर्टला काय लावलंय ते बघत बसायला अर्धा तास गेला असता. मी स्पॅनिंग ट्रीच बंद केली. एक ओळ टाइप केली, सेव्ह केलं. सगळे कॉम्प्युटर झटक्यात चालू झाले. सर खूश. मला गाडी मिळाली.

* * *

त्यानंतर दोन महिन्यांनी फॉर्म भरण्याचा शेवटचा दिवस होता. ग्रामीण भागातल्या पोरांकडे मोबाइल असतो, पण स्कॅन करून दाखले अपलोड करायचे तर कॉलेजची लॅबच लागते. सकाळपासून व्हरांड्यात रांग लागलेली. आणि दहाच्या आत नेट गेलं. लॅबचंच नाही, ऑफिसचं, लायब्ररीचं, सगळ्या कॅम्पसचं. मी पोचेपर्यंत दीड वाजला होता. पोरं भिंतीला टेकून बसली होती. एक बाप मुलीच्या कागदांची पिशवी पोटाशी धरून उभा होता. मला बघून तो बाजूला सरकला, जसं दवाखान्यात डॉक्टर आला की सरकतात.

दिवे बघितले. खाली वाकलो. निळ्या रंगाची एक केबल सतराव्या पोर्टमधून निघून अठराव्यात गेलेली. एक टोक उपटलं. दिवे शांत झाले. आतून कुणीतरी ओरडलं, 'आलं आलं!'

प्राचार्यांनी विचारलं, "काय झालं होतं?"

मी म्हणालो, "कुणीतरी केबल चुकीच्या जागी लावली होती."

"कोणी?"

स्विचच्या नोंदीत दिसत होतं : सतरा आणि अठरा ही दोन्ही पोर्टं ९ वाजून ५२ मिनिटांनी एकदम चालू झाली. त्या वेळी लॅबमध्ये कोण होतं, हे विचारायचीही गरज पडली नाही. दाराशी झाडू घेऊन उभे असलेले मामा स्वतःच म्हणाले, "मीच लावली सर. तिथला एक कॉम्प्युटर काढून नेला होता, त्याची वायर लोंबकळायली होती. पोराचा पाय अडकंल म्हणून खोचून टाकली."

ते साठीला आलेले. कॉलेजात सगळे त्यांना मामाच म्हणायचे आणि ते माझ्यासारख्या पंचविशीतल्या पोराला सर म्हणायचे.

त्या क्षणी मला एक वाक्य बोलायचं होतं : 'सर, केबल कुणीही लावली असती तरी काही व्हायला नको होतं. ते थांबवणारी गोष्ट मी बंद करून ठेवली होती.' मी ते बोललो नाही. नोकरी लागून सहा महिने झाले होते, गाडीचा हप्ता चालू होता, आणि प्राचार्य आमच्या मालकांना नावाने ओळखत होते.

मी लॅपटॉप जोडला आणि स्पॅनिंग ट्री पुन्हा चालू केली. या वेळी पोर्टांची राखणही नीट लावली. सेव्ह केलं. सेव्ह करताना लक्षात आलं की माझी ती जुनी ओळ आता कुठेच उरली नाही. दुरुस्ती करणं आणि पुरावा पुसणं या दोन गोष्टी एकाच बटणाने झाल्या होत्या. मग मी स्विच एकदा रीस्टार्टही केला. 'खात्रीसाठी' असं तेव्हा स्वतःला सांगितलं. रीस्टार्ट केला की मेमरीतली नोंदही जाते, हे मला माहीत होतं. मी नक्की कशासाठी रीस्टार्ट केला, हे आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

त्या रात्री फॉर्मची मुदत दोन दिवसांनी वाढल्याची सूचना आली. सगळ्या पोरांचे फॉर्म भरून झाले. म्हणजे त्या दिवसाचं सगळं नुकसान भरून निघालं, एक सोडून. मामा कंत्राटावर होते. पुढच्या महिन्यापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं.

* * *

मी खोटं बोललो का? 'कुणीतरी केबल चुकीच्या जागी लावली होती' हे वाक्य शब्दन् शब्द खरं आहे. कोर्टातही टिकेल. आणि तरी ते ऐकून प्राचार्यांच्या मनात जे चित्र उभं राहिलं, ते खोटं होतं, हे मला ते उभं राहत असतानाच दिसत होतं. खरेपणा वाक्यात मोजायचा, की ऐकणाऱ्याच्या मनात उरलेल्या चित्रात? मला वाटतं, दुसऱ्यात. नाहीतर अर्धं सांगण्याइतकी सोयीची गोष्ट जगात दुसरी नाही.

पण मी स्वतःला बरेच दिवस वेगळं समजावलं. म्हटलं, कारणांची साखळी लांब असते. मामांनी केबल लावली म्हणून झालं. मी संरक्षण बंद केलं म्हणूनही झालं. कुणीतरी कॉम्प्युटर हलवला आणि वायर तशीच सोडली म्हणूनही झालं. रॅकला कुलूप नव्हतं. नांदेडची गाडी सातचीच होती. यातलं एक जरी नसतं तरी नेट गेलं नसतं. मग एकट्या माझाच दोष कसा?

हा युक्तिवाद खोटा नाही. आमच्या कामात तो रोज दिसतो. लातूरच्या कोचिंगच्या भागात एकेका होस्टेलमध्ये शंभर-शंभर पोरं असतात. वायफायचा नियम असा की बोलण्याआधी ऐकायचं. हवा मोकळी असेल तरच बोलायचं. आता या टोकाच्या खोलीतला मोबाइल आणि त्या टोकाच्या खोलीतला मोबाइल यांना मधल्या भिंतींमुळे एकमेकांचं ऐकू येत नाही. मधल्या अ‍ॅक्सेस पॉइंटला मात्र दोघांचंही ऐकू येतं. दोघेही ऐकतात, दोघांनाही शांतता वाटते, दोघेही एकदम बोलतात आणि दोघांचंही वाया जातं. नियम दोघांनीही पाळला. टक्कर तरीही झाली. इथे 'कोणाचा दोष' या प्रश्नाला अर्थच नाही. अ‍ॅक्सेस पॉइंटची जागा बदलायची किंवा आणखी एक लावायचा, एवढंच.

याहून मोठं उदाहरण आमच्या जिल्ह्यालाच माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपतींचं विसर्जन झालेलं. हजारो माणसं झोपेत गेली. ती ज्यांच्याखाली गेली त्या भिंती दोन-दोन फूट जाडीच्या होत्या, मातीत दगड रचून बांधलेल्या, वर माळवदाचं मातीचं ओझं. उन्हापासून आणि चोरापासून वाचावं म्हणून आज्या-पणज्यांनी त्या जाड बांधल्या होत्या. दोष कुठे होता, हे अभियंत्यांनी नेमकं सांगितलं : दगडांना एकमेकांशी बांधून ठेवणारं काही नव्हतं आणि छप्पर जड होतं. पण दोष कोणाचा, असं विचारलं तर बोट कुणाकडेच जात नाही. ज्यांनी घर बांधलं, त्यांनी प्रेमानेच बांधलं होतं.

म्हणजे दोषी कुणीच नाही, असाही दोष असतो. माझी सगळी धडपड ही होती की माझा दोषही त्याच खात्यात टाकता यावा.

तो टाकता येत नाही. किल्लारीच्या म्हाताऱ्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. त्या तीस सेकंदांचा सावधपणा कशासाठी आहे, हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो.

* * *

बर्नार्ड विल्यम्स नावाच्या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९७६ साली एका निबंधात एका लॉरी ड्रायव्हरचं उदाहरण दिलं. ड्रायव्हरची काहीही चूक नसताना एक मूल त्याच्या गाडीखाली येतं. रस्त्यावर बघणाऱ्यांनाही वाईट वाटतं, पण ड्रायव्हरला वाटतं ते वेगळंच असतं, कारण गाडी त्याच्या हातात होती. लोक त्याला समजावतात, 'तुझा दोष नाही रे.' समजावणं बरोबरच आहे. पण तो लगेच 'हो, खरंच माझा नाही' म्हणून चहा प्यायला गेला, तर आपल्याला त्याच्याबद्दल शंका येईल.

हे वाचलं तेव्हा मी मनात स्वतःला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. हळहळणारा, पण निर्दोष. बरं वाटलं. मग दोन दिवसांनी कळलं, मी चुकीच्या सीटवर बसलोय. त्या गोष्टीतला ड्रायव्हर मामा आहेत. मी गॅरेजवाला आहे, ज्याने आदल्या मुक्कामी ब्रेक ढिला करून ठेवला होता.

आणखी एक गोष्ट टोचत राहिली. तशीच एक ओळ मी त्या महिन्यात आणखी तीन ठिकाणी टाइप केली होती. तिथे कुठल्याच मामांनी वायर खोचली नाही, म्हणून काही झालं नाही. तिथले लोक अजूनही माझं नाव घेऊन कौतुक करतात. चूक चारही ठिकाणी सारखीच. मग मी फक्त एकाच ठिकाणी दोषी का? विल्यम्स आणि त्याच्याबरोबर थॉमस नेगेल याला नैतिक नशीब म्हणतात : माणसाच्या वागण्याचा निवाडा अशा गोष्टींवर होतो, ज्या त्याच्या हातात नव्हत्या. मला हे नशीब दुसऱ्या बाजूनेही दिसलं. माझी चूक उघडी पडणार की नाही, हे नशिबावर होतं. पण उघडी पडल्यावर ती कुणाच्या अंगावर जाणार, हे नशिबावर नव्हतं. ते पगाराच्या पावतीवर होतं.

आमच्या क्षेत्रात हल्ली एक चांगला विचार आलाय : बिघाड झाला की माणसाला दोष देऊ नका, व्यवस्थेत भोक कुठे आहे ते शोधा. मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांचं यातलं काम प्रसिद्ध आहे. भोकं असलेल्या चीजच्या चकत्या एकामागे एक ठेवल्या आणि सगळी भोकं योगायोगाने एका रेषेत आली की अपघात आरपार जातो. मला हे पटतं. ज्या नेटवर्कमध्ये झाडू मारणाऱ्या माणसाच्या एका वायरीने अख्खं कॉलेज बंद पडतं, त्या नेटवर्कचाच दोष आहे, मामांचा नाही.

पण 'व्यवस्थेचा दोष' म्हणताना मी एक बघायचं टाळत होतो. व्यवस्थेची नोकरी जात नाही. आपण दोष सगळ्यांत वाटून घेतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला इतका थोडा येतो की तो कुणालाच जड होत नाही. शिक्षा मात्र वाटली जात नाही. ती पाण्यासारखी उतार शोधत खाली जाते आणि सगळ्यांत खाली जो उभा असतो, त्याच्याजवळ साचते. व्यवस्थेचा दोष म्हणायचा हक्क मला तेव्हाच होता, जेव्हा त्या व्यवस्थेतला माझा वाटा मी आधी नाव घेऊन सांगितला असता.

* * *

मधल्या काळात एक काम निघालं. माळेगावजवळ रस्त्याच्या कामात फायबर तुटली होती. असं तुटलं की आम्ही ओटीडीआर लावतो. हे यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचा एक ठिपका सोडतं आणि तुटलेल्या टोकावरून तो परत यायला किती वेळ लागला, ते मोजतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे एक किलोमीटर जाऊन यायला सेकंदाचा एक लाखावा भाग. त्यावरून यंत्र आकडा सांगतं : इथून ११ किलोमीटर ४०० मीटर. जागेवर गेलो. जेसीबीचा ड्रायव्हर घामाघूम झालेला, रस्त्याचा मुकादम त्याला शिव्या घालत होता. मी खड्ड्यात उतरलो. फायबर दीड मीटरहून खोल असायला हवी. तिथे ती हातभर खोलीवर होती. वरची सावधानतेची पट्टीही नव्हती.

मुकादमाला म्हणालो, "याला कशाला बोलता? फायबरच वर टाकलीय."

तो पोरगा माझ्याकडे बघत राहिला. त्याने आभार मानले नाहीत, नुसता जेसीबीच्या पायरीवर बसला आणि पाणी प्यायला. मला इतकं हलकं वाटलं आणि पाठोपाठ इतकी लाज वाटली की मी खड्ड्यातून लवकर वरच आलो नाही. दुसऱ्याची अर्धवट खोदाई दाखवायला मला एक सेकंद लागला नव्हता.

फायबर जोडत बसलो की मला चार्ल्स काव आठवतात. १९६० च्या दशकात काचेच्या तंतूतून प्रकाश पाठवला की थोड्याच अंतरात तो विझून जायचा. काचच या कामाची नाही, असं बऱ्याच जणांना वाटत होतं. काव आणि त्यांचे सहकारी जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली मांडलं की दोष काचेचा नाही, काचेत राहून गेलेल्या अशुद्धीचा आहे. ती काढली तर किलोमीटरमागे २० डेसिबलपेक्षा कमी घट शक्य आहे. चार वर्षांनी अमेरिकेत कॉर्निंगच्या लोकांनी १७ डेसिबलची फायबर करून दाखवली. आज आपण गाडतो त्या फायबरमध्ये ही घट ०.२ च्या आसपास असते. २००९ साली काव यांना नोबेल मिळालं. 'हा मालच खराब' आणि 'या मालात अमुक राहून गेलंय' या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे! पहिलं म्हटलं की काम संपतं. दुसरं म्हटलं की सुरू होतं.

माणसांबद्दल आपण बहुतेक वेळा पहिलंच म्हणतो.

* * *

अखेर त्या प्रसंगानंतर आठ-नऊ महिन्यांनी मी प्राचार्यांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही सांगितलंत, चांगलं केलंत. पण आता कंत्राटदारही बदललाय. जाऊ द्या." मालकांनाही सांगितलं. ते दोन दिवस बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी मला त्या उरलेल्या तीन ठिकाणी स्वखर्चाने पाठवलं.

मामांचा पत्ता कॉलेजच्या कँटीनवाल्याने दिला. ते लातूरला एका दाळ मिलवर राखणीला होते. गेटजवळच्या खुर्चीवर बसले होते. मला ओळखलं, चहा सांगितला. मी जमेल तसं समजावलं. त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "म्हंजी माझ्या वायरीनं झालंच नव्हतं का?"

"वायरीनंच झालं मामा. पण व्हायला नको होतं. ते थांबवायचं जे असतं, ते मी बंद करून गेलो होतो."

"मग तवा का बोलला नाहीत?"

माझ्याकडे उत्तर होतं : हप्ता, मालक, सहा महिन्यांची नोकरी. ते मी सांगितलं. ते कमी पडतंय, हे सांगतानाच कळत होतं. त्यांनी मान हलवली. माफ केलं, असं काही म्हणाले नाहीत.

थोड्या वेळाने म्हणाले, "घरी मला कशाला हात लावू देत नाहीत. मोटार चालू करायची म्हटलं तरी पोरगं म्हणतं, बाबा तुम्ही राहू द्या, बिघडंल. मलाबी तसंच वाटायलं. फोनबी नातवालाच लावायला सांगतो चार्जिंगला."

नोकरी गेली, हे मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं. मी एका पोर्टमधला दोष उचलून एका माणसात ठेवून आलो होतो. स्विच दोन मिनिटांत मोकळा झाला आणि तो माणूस वर्षभर स्वतःच्या हातांना घाबरत बसला. दोषाची जागा चुकवली की काय होतं, हे मला तिथे कळलं. आणि 'आता सांगून काय उपयोग' या वाक्याचं उत्तरही. नोकरी परत देणं माझ्या हातात नव्हतं. दोष त्यांच्या अंगावरून काढून त्याच्या खऱ्या जागी ठेवणं होतं.

निघताना ते म्हणाले, "सर, एवढं घरी येऊन सांगचाल का? मी सांगितलं तर पोराला पटायचं नाही."

गेलो. औसा रोडच्या पुढे त्यांचं पत्र्याचं घर आहे. मुलगा, सून, नातू समोर बसले. मी जमिनीवर खडूने स्विच काढला, केबल काढली आणि माझी चूक कुठे होती ते दाखवलं. सातवीतल्या नातवाला सगळ्यांत आधी कळलं. तो म्हणाला, "म्हंजे आजोबांनी चांगल्यासाठी केलं आणि तुम्ही घाईत केलं." मी हो म्हणालो. मुलगा काही बोलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो योग्य होता. सून आत जाऊन पाणी घेऊन आली.

आता मी जिथे जातो तिथे रॅकच्या आत, दाराला अडकवून, एक चाळीस पानी वही ठेवतो. तारीख, काय बदललं, का बदललं, कोणी बदललं. खाली नाव, सही. मशीनची नोंद रीस्टार्टने जाते, वहीची जात नाही. आमच्या दुकानातली नवी पोरं हसतात, म्हणतात, कॉन्फिगचा बॅकअप असताना वही कशाला? मी म्हणतो, बॅकअपमध्ये ओळ दिसते, घाई दिसत नाही.

त्या कॉलेजच्या रॅकमध्येही वही आहे. पहिल्या पानावर पहिली नोंद माझी आहे, मागच्या तारखेची. 'का बदललं' या रकान्यात लिहिलंय : सातची गाडी.